पिक्सेलन् पिक्सेल पारखताना : डॅल्साची वाटचाल

कारखान्यात माल तपासणाऱ्या कॅमेऱ्याकडून एकच अपेक्षा असते. दोष दिसला तर तो मालाचा असावा, कॅमेऱ्याचा असू नये. ही अपेक्षा बोलायला सोपी आणि निभवायला फार अवघड आहे. प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या सेन्सरवर हजारो, लाखो, आता तर कोट्यवधी पिक्सेल असतात आणि त्यांतले कोणतेही दोन तंतोतंत सारखे नसतात. एक किंचित जास्त प्रकाश टिपतो, शेजारचा थोडा कमी. एखादा गडद अंधारातही उजळ दिसत राहतो, एखादा भर प्रकाशातही काळाच राहतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण माणसांसाठी असली तरी तपासणीच्या कॅमेऱ्यालाही लागू पडते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या वॉटर्लू शहरात १९८० साली स्थापन झालेल्या डॅल्सा कंपनीने चाळीसहून अधिक वर्षे हा मुसळ काढण्याचा उद्योग चिकाटीने केला. ही वाटचाल एका संस्थापकाची आहे, तशीच ती सेन्सरचे आराखडे आखणाऱ्यांची, फाउंड्रीत, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्यात, वेफर नावाच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रक्रिया करणाऱ्यांची आणि चाचणीच्या अंधाऱ्या खोल्यांत एकेका पिक्सेलची नोंद ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचीही आहे.

पार्श्वभूमी आणि स्थापना (१९६९ ते १९८०)

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी चार्ज-कपल्ड डिव्हाइस, म्हणजे सीसीडीची कल्पना मांडली. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर विद्युतभाराची छोटी छोटी पाकिटे साठवायची आणि एका घरातून पुढच्या घरात सरकवत शेवटच्या टोकाला मोजायची, अशी ती रचना. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात. त्यामुळे ही पाकिटे म्हणजेच चित्र, हे लवकरच लक्षात आले. बॉइल मूळचे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातले. या कामासाठी दोघांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

त्या काळात वॉटर्लू विद्यापीठ अगदी तरुण होते. त्याची स्थापना १९५७ ची. अभ्यासक्रमाच्या मध्ये मध्ये विद्यार्थ्यांनी उद्योगांत प्रत्यक्ष काम करायचे, ही या विद्यापीठाची पद्धत सुरुवातीपासूनची. प्राध्यापक किंवा विद्यार्थी यांनी लावलेल्या शोधाची मालकी त्यांच्याकडेच ठेवण्याचे धोरणही तिथे रुजले. याच वातावरणात सायप्रसमध्ये जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकलेले प्रा. सॅव्हस चेंबरलेन विद्युत अभियांत्रिकी विभागात सीसीडी आणि सिलिकॉन प्रकाशसंवेदकांवर संशोधन करत होते. डॅल्सा त्या संशोधनातून जन्मली. ब्लॅकबेरीची मातृसंस्था रिसर्च इन मोशन १९८४ साली याच शहरात सुरू झाली. डॅल्सा तिच्याहून चार वर्षांनी थोरली.

पहिले दशक (१९८० ते १९९०) : ओळीने पाहणारा कॅमेरा

सुरुवातीच्या काळात डॅल्साने आपली ओळख निर्माण केली ती लाइन-स्कॅन सेन्सरच्या क्षेत्रात. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलचा चौकोनी पट असतो. लाइन-स्कॅन सेन्सरवर पिक्सेलची एकच ओळ असते. कागदाची गुंडाळी, पोलादाचा पत्रा, कापड, प्लास्टिकची फिल्म अशा गोष्टी कारखान्यात न थांबता पुढे सरकत असतात. कॅमेरा स्थिर ठेवून मालाची एकेक आडवी ओळ टिपत गेले की त्या ओळी जोडून हवे तेवढे लांब चित्र तयार होते. चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी या काळात मूलभूत संशोधनही करत होते. खूप अंधूक आणि खूप प्रखर प्रकाश एकाच वेळी टिपू शकणाऱ्या रेषीय सेन्सरविषयीचा त्यांचा १९८४ चा शोधनिबंध पुढे या विषयातल्या अभ्यासकांनी वारंवार आधाराला घेतला.

मात्र लाइन-स्कॅनमध्ये सेन्सरचा दोष फार निर्दयपणे उघडा पडतो. चौकोनी सेन्सरवर एक पिक्सेल बिघडला तर चित्रात एक ठिपका दिसतो. ओळीतला एक पिक्सेल बिघडला तर मालाच्या पूर्ण लांबीवर एक सरळ रेघ उमटते, कागद दहा किलोमीटरचा असो वा वीस. त्यातही अडचण अशी की कागदावर लेप देणाऱ्या पात्याखाली खडा अडकला तर खऱ्या मालावरही अगदी अशीच, माल सरकण्याच्या दिशेने जाणारी रेघ उमटते. रेघ पात्याची की पिक्सेलची, हे ठरवता आले नाही तर तपासणी कुचकामी.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा होता. माल वेगाने सरकतो, तेव्हा प्रत्येक ओळ टिपायला अत्यल्प वेळ मिळतो आणि पिक्सेलमध्ये पुरेसे इलेक्ट्रॉन जमत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे टाइम डिले अँड इंटिग्रेशन, टीडीआय. सेन्सरवर एका ओळीऐवजी अनेक ओळी ठेवायच्या आणि मालाची प्रतिमा जसजशी सेन्सरवरून सरकते तसतशी साठलेल्या भाराची पाकिटेही त्याच वेगाने पुढे ढकलायची. समजा अशा ९६ ओळी असल्या, तर मालावरचा एकच बिंदू ९६ वेळा टिपला जातो आणि संकेत ९६ पट होतो, मात्र प्रकाशाच्या स्वाभाविक चढउतारामुळे येणारा गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने जेमतेम दहा पट वाढतो. हे तंत्र प्रयोगशाळेतून काढून कारखान्यात रुळवण्यात डॅल्साचा वाटा फार मोठा आहे.

पिक्सेलमधला फरक भरून काढायलाही टीडीआय उपयोगी पडले. एका स्तंभातल्या ९६ पिक्सेलची सरासरी आपोआप घेतली जाते, त्यामुळे प्रत्येकाच्या संवेदनशीलतेतले उणेअधिक बरेचसे एकमेकांत मिटते. पण त्या ९६ पैकी एखादा अंधारातही इलेक्ट्रॉन गळत असेल तर त्याची गळती त्या स्तंभातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात मिसळते. एखादा पिक्सेल भार अडवून ठेवत असेल तर स्तंभच बाद होतो. म्हणून टीडीआय सेन्सर बनवताना सिलिकॉनची शुद्धता आणि निवड यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागे. या कामात राबलेल्या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत, पण ग्राहकांना मिळालेला प्रत्येक स्वच्छ स्तंभ त्यांच्या मेहनतीचा आहे.

दुसरे दशक (१९९० ते २०००) : वेग आणि विस्तार

नव्वदच्या दशकात सेमीकंडक्टर वेफर, छापील सर्किट बोर्ड आणि सपाट डिस्प्ले यांचे कारखाने वाढले आणि तपासणीच्या वेगाची मागणी एकदम चढली. एकाच दारातून सगळी पाकिटे मोजून बाहेर काढणे पुरेना. मग सेन्सरला अनेक दारे, म्हणजे टॅप, देण्यात आले. सेन्सरचे दोन, चार, आठ भाग करायचे आणि प्रत्येक भागाचा संकेत स्वतंत्र प्रवर्धकातून वाचायचा.

वेग मिळाला, पण दोषांचा एक नवा प्रकार दाखल झाला. कोणतेही दोन प्रवर्धक सारखे नसतात. एकाची वाढवण्याची क्षमता दुसऱ्यापेक्षा अर्धा टक्का जास्त असली तरी एकसारख्या राखाडी पत्र्याच्या चित्रात टॅपच्या सीमेवर स्पष्ट पायरी दिसते. माणसाची नजर अशा सरळ कडेला फार लवकर हेरते आणि तपासणीचा प्रोग्रॅमही तिला मालावरचा दोष समजतो. कॅमेरा तापला की दोन्ही प्रवर्धक वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात, म्हणजे सकाळी जुळवलेले टॅप दुपारी विसंवादी होतात. टॅप जुळवणे हा कॅमेऱ्याच्या जुळणीतला नाजूक टप्पा होऊन बसला.

१९९६ साली डॅल्साचे समभाग टोरंटो शेअर बाजारात नोंदले गेले. विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली छोटी कंपनी आता सार्वजनिक भांडवलावर उभी राहिली आणि पुढच्या दशकातल्या मोठ्या उड्या त्या बळावर शक्य झाल्या.

तिसरे दशक (२००० ते २०१०) : सर्वांत भरगच्च वर्षे

संस्थेच्या इतिहासात याहून घडामोडींचे दशक दुसरे नाही. तोपर्यंत डॅल्सा सेन्सरचे आराखडे स्वतः करी, पण सिलिकॉन दुसऱ्यांच्या कारखान्यात घडे. २००२ साली क्युबेक प्रांतातल्या ब्रोमाँ येथील, पूर्वी माइटेल आणि नंतर झारलिंक या कंपन्यांची असलेली फाउंड्री डॅल्साने विकत घेतली. सीसीडी बनवण्याचा दांडगा अनुभव असलेले कामगार आणि अभियंते त्यासोबत संस्थेच्या कुटुंबात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस नेदरलँड्समधील आइन्डहोव्हन येथील फिलिप्सचा सेन्सर विभागही डॅल्सात सामील झाला. इंग्रजी, फ्रेंच आणि डच अशा तीन भाषांतली माणसे एका कामाला लागली. एवढी मोठी सांधणी करताना प्रत्येकाला कुठे ना कुठे जुळवून घ्यावे लागले आणि ते सर्वांनी समजुतीने केले.

ब्रोमाँच्या कामाची पावती पृथ्वीबाहेरून मिळाली. जानेवारी २००४ मध्ये नासाच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या बग्ग्या मंगळावर उतरल्या. प्रत्येक बग्गीवर नऊ कॅमेरे होते आणि त्यांतल्या १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलच्या सीसीडी ब्रोमाँच्या याच कारखान्यात तयार झालेल्या होत्या. ऑपॉर्च्युनिटीने २०१८ च्या जूनपर्यंत संपर्क राखला. या कॅमेऱ्यांना यांत्रिक शटर नव्हते. प्रकाश टिपून झाल्यावर संपूर्ण चित्र सेन्सरच्या झाकलेल्या भागात सरकवले जाई आणि त्या सरकण्याच्या क्षणीही प्रकाश पडत राहिल्याने उभा ओघळ उमटे. बग्गीवर त्याचा उपाय असा होता : शून्य सेकंद प्रकाश देऊन आणखी एक चित्र घ्यायचे, ज्यात फक्त ओघळ आणि सेन्सरची स्वतःची पातळी येईल, आणि ते मूळ चित्रातून वजा करायचे. कारखान्यातल्या कॅमेऱ्यात होणारी दुरुस्ती तत्त्वतः हीच. सेन्सर स्वतःहून काय भर घालतो ते वेगळे मोजायचे आणि काढून टाकायचे.

आइन्डहोव्हनच्या मंडळींनी मोठ्या सेन्सरची विद्या आणली. सिलिकॉनवर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे क्षेत्र मर्यादित असते. त्याहून मोठा सेन्सर हवा असेल तर नक्षीचे ठोकळे शेजारी शेजारी उमटवून शिवावे लागतात. फिलिप्समध्ये १९९५ च्या सुमारास अशी ठोकळ्यांची पद्धत विकसित झाली होती. शिवण दिसू न देणे हा कारागिरीचा भाग झाला, कारण दोन ठोकळ्यांच्या उमटण्यात सूक्ष्म फरक राहिला तरी शिवणीच्या दोन्ही बाजूंची संवेदनशीलता बदलते आणि टॅपच्या सीमेसारखीच पायरी तिथेही उभी राहते. या परंपरेतून आलेले सेन्सर पुढे मध्यम आकाराच्या व्यावसायिक छायाचित्रणातही गाजले. फेज वन कंपनीच्या पी ६५ प्लस या ६ कोटी पिक्सेलच्या डिजिटल बॅकचा सेन्सर डॅल्साचा होता. २००६ साली डॅल्साने अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या प्रकल्पासाठी १०,५६० गुणिले १०,५६० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे ११ कोटी १० लाख पिक्सेलचा सीसीडी तयार केला. त्याची प्रत्येक बाजू जवळजवळ चार इंच होती. दहा कोटींची मर्यादा ओलांडणारा तो पहिलाच सेन्सर.

२००५ साली माँट्रियलची कोरेको कंपनी डॅल्सात आली. कॅमेऱ्याकडून येणारा डेटा संगणकात घेणारे फ्रेम ग्रॅबर बोर्ड आणि सापेरा हे सॉफ्टवेअर ही तिची खासियत. आता सेन्सर, कॅमेरा, बोर्ड आणि सॉफ्टवेअर अशी सगळी साखळी एका घरात आली. दुरुस्ती कुठे करायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे मिळाले. काही कॅमेऱ्यातच, काही बोर्डावर, काही सॉफ्टवेअरमध्ये.

या दुरुस्तीचे नाव फ्लॅट-फील्ड करेक्शन. तिच्यात दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत पूर्ण अंधारात प्रत्येक पिक्सेल किती आकडा दाखवतो ते नोंदायचे. दुसऱ्या पायरीत एकसारख्या प्रकाशात प्रत्येक पिक्सेल किती आकडा दाखवतो ते नोंदायचे आणि त्यावरून प्रत्येकाचा गुणक ठरवायचा, मंद पिक्सेलला मोठा आणि उजळ पिक्सेलला लहान. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक चित्रात पिक्सेलच्या आकड्यातून त्याचा अंधारातला आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला त्याच्या स्वतःच्या गुणकाने गुणायचे. एवढे गणित शाळकरी मुलालाही जमेल. कौशल्य आहे ते नोंदी घेण्यात.

पांढऱ्या पृष्ठभागाचे एकच चित्र घेऊन गुणक काढले तर त्या क्षणाचा योगायोगाचा गोंगाट गुणकात गोठतो आणि पुढच्या प्रत्येक चित्रात परत परत उमटतो. समजा पिक्सेलमध्ये ४०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांचा स्वाभाविक चढउतार २०० इलेक्ट्रॉनचा, म्हणजे अर्धा टक्का असतो. शंभर चित्रांची सरासरी घेतली की तो दहावा हिस्सा उरतो. म्हणून नोंदी नेहमी अनेक चित्रांच्या सरासरीने घेतात.

डॅल्साच्या स्पायडर आणि पिरान्हा मालिकांतील लाइन-स्कॅन कॅमेऱ्यांवर काम केलेल्या अभियंत्यांना हा विधी पाठ झाला होता. लेन्सला टोपी घालायची आणि सिरियल केबलवरून ‘सीसीएफ’ हा तीन अक्षरी आदेश द्यायचा. कॅमेरा अंधारातला आकडा शिकतो. टोपी काढायची, कॅमेऱ्याखाली पांढरी फरशी किंवा पांढरा कागद ठेवायचा, दिव्याचा उजेड प्रत्यक्ष कामाच्या वेळी असेल तेवढाच ठेवायचा आणि ‘सीसीपी’ द्यायचे. कॅमेरा गुणक शिकतो. मग दोन्ही तक्ते कायमच्या स्मृतीत साठवायचे. या सगळ्यात घात करते ती धूळ. पांढऱ्या फरशीवर एक कण पडलेला असला की त्याखालचा पिक्सेल कॅमेऱ्याला मंद वाटतो, कॅमेरा त्याचा गुणक वाढवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ मालावर मैलोन् मैल एक उजळ रेघ उमटत राहते. जाणकार माणूस नोंद चालू असताना फरशी हळूहळू सरकवत राहतो किंवा लेन्स थोडी धूसर करतो. धूळ मग कोणत्याही एका पिक्सेलच्या वाट्याला पुरती येत नाही. या दुरुस्तीत दिव्याचा कडेला कमी होणारा उजेड आणि लेन्सची कडांची मंदी हीसुद्धा सेन्सरच्या फरकासोबत भरून निघते, हा मोठा लाभ.

पूर्ण मेलेल्या किंवा अंधारातही भरून वाहणाऱ्या पिक्सेलला गुणक वाचवू शकत नाही. त्यांची जागा नकाशात नोंदून शेजाऱ्यांवरून किंमत भरावी लागते. छायाचित्रकाराला हे चालते. तपासणीत मात्र प्रत्येक भरलेली जागा म्हणजे न पाहिलेली जागा असते. शोधायचा ओरखडा एका पिक्सेलएवढाच असेल आणि नेमका तिथे पडला तर शेजाऱ्यांची सरासरी त्याला पुसून टाकेल. म्हणूनच औद्योगिक सेन्सरची प्रतवारी करताना बिघडलेले पिक्सेल एकूण किती यापेक्षा ते एकमेकांना चिकटलेले आहेत का, याकडे जास्त बारकाईने पाहिले जाते. सुटा पिक्सेल निभतो. चार पिक्सेलचा पुंजका खऱ्या दोषाला लपवू शकतो. बिघडलेला पूर्ण स्तंभ तर सरळ नाकारण्याचे कारण ठरतो.

कारखान्यातून निर्दोष निघालेला सेन्सर पुढेही तसाच राहील याची खात्री नसते, हेही याच दशकात स्पष्ट झाले. डॅल्सातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ आल्बर्ट थ्युविसेन यांनी २००७ साली या विषयावर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात. असा एखादा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या स्फटिकातला अणू जागेवरून हलवतो आणि तिथे इलेक्ट्रॉनची कायमची गळती सुरू होते. कॅमेरा बंद असला, खोक्यात पडून असला तरी हे घडते. उंचीवर न्यूट्रॉन जास्त असल्याने विमानाने पाठवलेल्या सेन्सरमध्ये ते अधिक घडते. अशा गळक्या, म्हणजे ‘हॉट’, पिक्सेलपैकी काही काळाने आपोआप शांतही होतात. या निष्कर्षांमुळे दोषनकाशा एकदा बनवून विसरण्याची गोष्ट नाही, तो अधूनमधून नव्याने बनवावा लागतो, याला भक्कम आधार मिळाला.

याच सुमारास सगळ्या उद्योगाला समान मोजपट्टीची गरज भासू लागली होती. बार्सिलोनात २००३ साली स्थापन झालेल्या युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशनने २००५ साली ‘१२८८’ हे मानक प्रथम प्रसिद्ध केले. अंधारातील असमानता, प्रकाशातील असमानता, गोंगाट हे सगळे कोणत्या पद्धतीने मोजायचे हे त्यात ठरवून दिले गेले. वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रके शेजारी ठेवून तुलना करणे त्यामुळे ग्राहकाला शक्य झाले.

या दशकात डॅल्साने ओरिजिन हा फोर-के चित्रपट कॅमेराही घडवला. २००३ मध्ये तो जगापुढे आला. २००८ साली संस्थेने चित्रपटाचा विभाग बंद करून मूळ कामावर लक्ष एकवटले. त्या कॅमेऱ्यासाठी झटलेल्या सहकाऱ्यांचे काम काळाच्या पुढचे होते, हे आज फोर-के घरोघरी पोहोचल्यावर कोणीही मान्य करील.

चौथे दशक (२०१० ते २०२०) : नवे छत्र, नवा सेन्सर

फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या टेलिडाइन टेक्नॉलॉजीजने डॅल्सा विकत घेतली. व्यवहार सुमारे ३४ कोटी कॅनेडियन डॉलरचा होता आणि त्या वेळी संस्थेत सुमारे हजार माणसे काम करत होती. नाव ‘टेलिडाइन डॅल्सा’ झाले, वॉटर्लूचे घर कायम राहिले.

या दशकाचे मोठे स्थित्यंतर म्हणजे सीसीडीकडून सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरकडे जाणे. सीसीडीमध्ये सगळी पाकिटे मोजक्या दारांतून बाहेर येतात. सीमॉसमध्ये प्रत्येक स्तंभाला स्वतःचा प्रवर्धक आणि बहुधा स्वतःचा अंकरूपांतरकही असतो. त्याने वेग अफाट वाढला, पण हजारो स्तंभांचे हजारो निरनिराळे स्वभाव चित्रात उभ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागले. नव्वदीत आठ टॅप जुळवताना जे शिकलो ते आता सोळा हजार स्तंभांना लावायचे, असे कामाचे स्वरूप झाले. भार न मोजता सरकवण्याचे टीडीआयचे तत्त्व सीमॉसच्या वाचनपद्धतीशी जोडणारे सेन्सर तयार करणे हेही या काळातले मोलाचे काम.

कॅमेरा आणि संगणक यांना जोडणाऱ्या मार्गांचीही मानके बदलत गेली. २००० साली कॅमेरा लिंक, २००६ साली गिग-ई व्हिजन आणि २०१२ साली कॅमेरा लिंक एचएस आले. शेवटच्या मानकाची पायाभरणी डॅल्साने विकसित केलेल्या जोडणीवर झाली. २०१५ मध्ये जिनी नॅनो ही लहान आकाराची मालिका बाजारात आली आणि मोठ्या कारखान्यांपलीकडच्या ग्राहकांपर्यंत संस्था पोहोचली. २०१७ साली इंग्लंडची ई-टू-व्ही टेलिडाइनमध्ये दाखल झाली, म्हणजे सेन्सरच्या विद्येचे आणखी एक जुने घराणे शेजारी आले. ब्रोमाँच्या फाउंड्रीने या काळात सूक्ष्म यांत्रिक उपकरणांच्या निर्मितीतही नाव मिळवले.

पाचवे दशक (२०२० नंतर) : आजचे काम

तपासणीला आज इतके पिक्सेल कशाला लागतात, याचे उत्तर डिस्प्लेच्या कारखान्यात मिळते. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. त्यांतला प्रत्येक पिक्सेल नीट उजळतो का हे पाहायचे तर त्यावर कॅमेऱ्याचे निदान तीन गुणिले तीन पिक्सेल पडायला हवेत. हिशेब साडेसात कोटींच्या घरात जातो. फाल्कन फोर मालिकेतील १०,७२० गुणिले ८,०६४ पिक्सेलचा, म्हणजे ८ कोटी ६० लाखांचा कॅमेरा अशा कामासाठी आहे. प्रत्येक पिक्सेलचा अंधारातला आकडा आणि गुणक यांना प्रत्येकी दोन बाइट धरल्या तर केवळ दुरुस्तीचा तक्ताच सुमारे ३४५ एमबीचा होतो आणि सेकंदाला १६ चित्रे येत असताना तो सबंध तक्ता १६ वेळा वाचून वापरावा लागतो. १९८० मध्ये एवढी स्मृती एखाद्या संगणक केंद्रातही सहज मिळाली नसती.

लाइन-स्कॅनच्या बाजूला लिनिआ एचएस मालिकेतील १६,३८४ पिक्सेलचे टीडीआय कॅमेरे सेकंदाला ३ लाख ओळी टिपतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५०० कोटी पिक्सेल आणि प्रत्येकावर एक वजाबाकी, एक गुणाकार. याच मालिकेतल्या ३२ हजार पिक्सेलच्या कॅमेऱ्यात दोन सेन्सर पट्ट्या अर्ध्या पिक्सेलच्या अंतराने ठेवून बारकावा वाढवला आहे. तिथे दुरुस्ती आणखी चोख असावी लागते, कारण दोन पट्ट्यांत जरासा फरक राहिला तरी एक सोडून एक पिक्सेल फिकट-गडद दिसू लागतो.

२०२१ मध्ये फ्लिर आणि २०२४ मध्ये आइन्डहोव्हनचीच ॲडिमेक या कॅमेरा कंपन्या टेलिडाइनमध्ये आल्या. आता टेलिडाइन व्हिजन सोल्युशन्स या नावाखाली या सगळ्या संस्था एकत्र नांदतात. सीमॉस सेन्सरचे आराखडे, वेफरवरील चाचणी, कॅमेऱ्यातील दुरुस्तीचे अल्गोरिदम आणि अवरक्त किरणांचे संवेदक अशा अनेक आघाड्यांवर काम चालू आहे. अवरक्त सेन्सरमध्ये तर पिक्सेलमधली असमानता दृश्य प्रकाशाच्या सेन्सरपेक्षा किती तरी जास्त असते, आणि अनेक अवरक्त कॅमेरे काम चालू असताना सेन्सरसमोर क्षणभर झाकण आणून प्रत्येक पिक्सेलच्या मूळ पातळीच्या नोंदी नव्याने घेतात.

अंधारातली गळती तापमानासोबत वेगाने वाढते. साधारण सहा ते आठ अंश सेल्सिअसला ती दुप्पट होते. म्हणून हिवाळ्यात बनवलेला दोषनकाशा मे महिन्याच्या शेडमध्ये अपुरा पडतो, मग ती शेड ओंटारिओतली असो की चाकणची. कॅमेरा उत्तम घेतला जातो, दिवा उत्तम घेतला जातो आणि बसवल्या दिवशी घेतलेले तक्ते वर्षानुवर्षे तसेच राहतात, हे चित्र अनेक कारखान्यांत आहे. ज्यांच्या हाती तपासणीचे कॅमेरे आहेत अशा वाचकांना संस्थेतल्या तंत्रज्ञांची विनंती आहे की दिवा बदलला, लेन्स बदलली, प्रकाश देण्याचा वेळ बदलला किंवा ऋतू पालटला तर पांढरी फरशी स्वच्छ पुसून घ्यावी, कॅमेरा अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा आणि दोन्ही तक्ते नव्याने बनवावेत.